बॉस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय : बांधणी, वाढ आणि डागडुजी

नगरपालिकेच्या तिजोरीतून ग्रंथालय चालवण्याची परवानगी बॉस्टन शहराला मिळाली ती १८४८ साली, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने. वाचकाकडून वर्गणी न घेता, केवळ कराच्या पैशावर चालणारे ग्रंथालय अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात तोवर निघाले होते, मोठ्या शहरात मात्र नव्हते. योगायोग असा की पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, त्याच वर्षीचे. पुण्याचे वाचनालय उभे राहिले ते वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या जिवावर. बॉस्टनने कराचा मार्ग धरला, आणि कर भरणारा प्रत्येकजण ग्रंथालयाचा धनी ठरल्यामुळे तिथल्या प्रत्येक बांधकामाचा वाद चारचौघांत झाला. तिथल्या इमारतींचा इतिहास रंजक झाला आहे तो मुख्यतः या वादांमुळे.

कल्पनेचे बीज पेरणारा माणूस ग्रंथपालही नव्हता आणि पंडितही. अलेक्झांदर वातमार हा फ्रेंच शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता आवाज काढून लोकांची करमणूक करणारा कलावंत. देशादेशांतील ग्रंथालयांनी आपल्याकडच्या जादा प्रती एकमेकांना द्याव्यात, या ध्यासाने तो गावोगाव हिंडे. १८४१ मध्ये बॉस्टनच्या सभेत त्याने सार्वजनिक ग्रंथालयाची मागणी केली आणि पुढे पॅरिस शहराकडून बॉस्टनला भेट म्हणून पुस्तकेही मिळवून दिली. भेट आली, पण ठेवायची कुठे, ही अडचण शहराला कामाला लावण्यास पुरेशी होती. १८४७ मध्ये महापौर जोसाया क्विन्सी यांनी शहराने दहा हजार डॉलर उभारले तर आपण पाच हजार देऊ असे जाहीर केले, आणि दुसऱ्या वर्षी कायदा झाला.

पहिल्या विश्वस्त मंडळात दोन वजनदार माणसे होती आणि दोघांची मते दोन टोकांची होती. एडवर्ड एव्हरेट हे हार्वर्डचे माजी अध्यक्ष. ग्रंथालय म्हणजे अभ्यासकाने जागेवर बसून वाचायचे संदर्भगृह, अशी त्यांची धारणा होती. स्पॅनिश साहित्याचे इतिहासकार जॉर्ज टिकनोर यांचा आग्रह वेगळा होता. लोक जे वाचतात तेच विकत घ्यावे, मागणी असलेल्या पुस्तकाच्या अनेक प्रती ठेवाव्यात आणि त्या घरी नेऊ द्याव्यात, असे ते म्हणत. विद्वान टिकनोर लोकप्रिय कादंबरीच्या बाजूने उभे राहतात हे त्या काळात अनेकांना विचित्र वाटले. १८५२ च्या अहवालात टिकनोर यांच्या मताची छाप स्पष्ट उमटली. त्यानंतरच्या प्रत्येक विस्तारात या दोन मतांपैकी कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे पारडे जड झालेले दिसते.

हा अहवाल लंडनमध्ये जोशुआ बेट्स यांच्या हाती पडला. बेअरिंग ब्रदर्स या पेढीतले हे बडे भागीदार मूळचे बॉस्टनजवळच्या वेमथ गावचे. तरुणपणी, शहरात उमेदवारी करत असताना, खोली उबदार ठेवण्याइतके लाकूडफाट्याचे पैसे नसत, म्हणून ते संध्याकाळी एका पुस्तकाच्या दुकानात जाऊन वाचत बसत. ती आठवण त्यांच्या मनात होती. त्यांनी ५० हजार डॉलरची पुस्तके देऊ केली आणि अट पुस्तकांविषयी न घालता जागेविषयी घातली. शे-दीडशे माणसांना टेबलाशी बसून वाचता येईल अशी इमारत शहराने बांधावी, आणि ती सर्वांना मोफत खुली असावी. थंडीने काकडणाऱ्या पोराला ऊब आणि दिवा मिळावा ही मागणी ग्रंथालयाच्या पायातच अशी घातली गेली. आज ‘समाजकेंद्र’ म्हणून जे नवे समजून सांगितले जाते, ते बेट्स यांच्या पत्रात १८५२ सालीच होते.

१८५४ मध्ये मेसन स्ट्रीटवरच्या एका शाळेच्या दोन खोल्यांत देवघेव सुरू झाली. चार वर्षांनी बॉयल्स्टन स्ट्रीटवर, शहराच्या मध्यवर्ती उद्यानासमोर, पहिली स्वतःची इमारत उघडली. वरच्या मजल्यावर बेट्स यांच्या नावाचे उंच दालन आणि भिंतीला लागून कोनाड्यांत रचलेली पुस्तके, असा तिचा थाट होता. तो डोळ्यांना सुखावणारा असला तरी वरच्या सज्जातले पुस्तक काढायला नोकराला जिने चढउतार करावे लागत. जस्टिन विन्सर १८६८ मध्ये प्रमुख झाले तेव्हा त्यांनी कोणते पुस्तक किती वेळा जाते याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, शाखा काढल्या आणि रविवारी दार उघडे ठेवायला लावले. ईस्ट बॉस्टनची शाखा १८७१ च्या सुरुवातीला उघडली. अमेरिकेतल्या नगर-ग्रंथालयाची ती पहिली शाखा मानतात. रविवारचा प्रश्न साधा नव्हता. प्रार्थनेच्या दिवशी कादंबऱ्या वाटायच्या का, यावर शहरात बराच खल झाला. पण आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्याला वाचायला दुसरा दिवसच कुठला? विन्सर यांच्या काळात वाचक इतके वाढले की बॉयल्स्टन स्ट्रीटची वास्तू तीस वर्षांच्या आतच अपुरी पडली. पुढे ती पाडली गेली आणि त्या जागी नाट्यगृह उभे राहिले.

नवी जागा राज्याने १८८० मध्ये दिली. ती कोप्ली चौकात होती. हा ‘बॅक बे’ भाग म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल बुजवून केलेली जमीन. समोर रिचर्डसन यांनी बांधलेले ट्रिनिटी चर्च उभे होते, त्यामुळे त्याच्या तोलामोलाचे काही बांधणे भाग होते. १८८४ ची आराखड्यांची स्पर्धा फसली आणि १८८७ मध्ये विश्वस्तांनी न्यूयॉर्कच्या मकिम, मीड अँड व्हाइट या पेढीकडे काम सोपवले. चार्ल्स मकिम यांनी दर्शनी भागासाठी पॅरिसच्या सँत-जन्व्हिएव्ह ग्रंथालयाचा नमुना घेतला आणि आतल्या चौकासाठी रोममधल्या कांचेलरिया प्रासादाचा. गुलाबी छटेचा मिलफर्डचा ग्रॅनाइट, एका ओळीत तेरा कमानी आणि एक सलग कौलारू छप्पर. आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा काहींना ती वखार वाटली, काहींना शवागार. बांधकाम पुरे होईपर्यंत खर्च पहिल्या अंदाजाच्या दुपटीपेक्षा जास्त, सुमारे २५ लाख डॉलरवर गेला. टीका करणारे तेव्हा खर्चाकडे वळले.

या इमारतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वर मान केल्याशिवाय दिसत नाही. तळमजल्याच्या छतासाठी मकिम यांनी राफाएल गुआस्तावीनो या कातालोनियाहून आलेल्या बांधकाम-कारागिराला बोलावले. त्याची पद्धत अशी : पातळ भाजक्या फरश्या चपट्या बाजूने एकमेकींना जोडायच्या. पहिला थर झटपट आवळणाऱ्या प्लास्टरने धरायचा, त्यावर सांधे चुकवून सिमेंटात दुसरा आणि तिसरा थर द्यायचा. प्रत्येक ओळ स्वतःला पेलत पुढे सरकते, त्यामुळे खाली लाकडी साचा जवळजवळ लागतच नाही. तयार होणारे कवच काही इंच जाडीचे, पण वरच्या मजल्याचा भार घेणारे आणि मुख्य म्हणजे न जळणारे. १८७२ च्या आगीत व्यापारी पेठ गमावलेल्या शहराला हा शेवटचा गुण फार पटला. इमारतीत या घुमटीचे अनेक प्रकार शेजारी शेजारी पाहायला मिळतात, जणू गुआस्तावीनोने आपल्या मालाचे नमुनेच मांडून ठेवले. नंतर न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकापासून एलिस आयलंडच्या नोंदणी दालनापर्यंत त्याच्या कंपनीची छते पोहोचली. पण त्याचे पहिले मोठे सार्वजनिक काम हेच.

दर्शनी भिंतीवर खिडक्यांखाली पाचशेहून अधिक ग्रंथकार, कलावंत आणि विचारवंतांची नावे कोरली गेली. १८९२ मध्ये एका स्थानिक वर्तमानपत्राच्या ध्यानात आले की एका पट्टीतली नावे कोणत्याच क्रमाने लागत नाहीत. मोझेस, सिसेरो, कालिदास, आयसोक्रेटीस, मिल्टन. यांची रोमन आद्याक्षरे सरळ वाचली की ‘मकिम’ हे आडनाव तयार होत होते, आणि पुढच्या नावांतून मीड व व्हाइट. पेढीतल्या कुणाची तरी ही करामत होती. शहरभर हसे झाले आणि ती नावे छिनीने तासून काढावी लागली. कालिदास त्या पट्टीत शाकुंतलासाठी होता की निव्वळ आद्याक्षरासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा वाद एका मूर्तीचा. मकिम यांनी १८९६ मध्ये चौकातल्या कारंज्यासाठी फ्रेडरिक मॅकमॉनीज याचे ब्राँझ शिल्प भेट दिले. हातात द्राक्षांचा घोस, कडेवर मूल, नाचणारी, विवस्त्र. दारूबंदीवाले आणि धर्मोपदेशक एकदम उठले. पुढच्या वर्षी मकिम यांनी भेट मागे घेतली आणि ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. तिची प्रतिकृती बॉस्टनच्या चौकात आली तोवर विसावे शतक संपत आले होते.

मार्च १८९५ मध्ये दार उघडले. दाराच्या कमानीवर मिनर्व्हा देवीचे मस्तक आहे आणि त्याखाली इमारत सर्वांना मोफत असल्याचे कोरलेले आहे. आत सिएनाच्या पिवळ्या संगमरवराचा जिना, वळणावर लुई सेंट-गॉडन्स याचे दोन सिंह, भिंतींवर पुव्ही द शाव्हान याची चित्रे. हा फ्रेंच चित्रकार बॉस्टनला कधीच आला नाही. संगमरवराचे तुकडे त्याला पॅरिसला पाठवले गेले, त्यांच्याशी रंग जुळवून त्याने कॅनव्हास रंगवले आणि ते गुंडाळून जहाजाने आले. वर २१८ फूट लांब आणि ५० फूट उंच बेट्स दालन, ओळीने लांब टेबले. राजवाडा खरा, पण मालक रस्त्यावरचा माणूस, ही या वास्तूची भूमिका होती, आणि ती कोरडी राहिली नाही. रशियन साम्राज्यातून १८९४ मध्ये आलेली ज्यू मुलगी मेरी अँटिन गरीब वस्तीतून चालत येऊन इथे बसे. १९१२ च्या आत्मचरित्रात तिने या इमारतीवर आपला हक्क ज्या अभिमानाने सांगितला, तो कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणापेक्षा खरा वाटतो. मुलांसाठी वेगळी खोलीही सुरुवातीपासून होती, आणि त्या काळात ही गोष्ट दुर्मिळ होती.

पण राजवाड्याची सोय ग्रंथालयाला मानवली नाही. आराखडा होताना ग्रंथपालांचे मत फारसे विचारलेच गेले नव्हते आणि ते पुढे रोज जाणवत राहिले. पुस्तके बंद कोठारात होती. वाचकाने चिठ्ठी लिहायची, ती हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळीतून कोठारात जायची, तिथे पोऱ्या पुस्तक शोधून रुळांवरच्या लहानग्या गाडीत टाकायचा आणि गाडी घरंगळत देवघेव खोलीत यायची. या खोलीच्या भिंतींवर एडविन ऑस्टिन अॅबे याने होली ग्रेलच्या कथेची चित्रमाला रंगवली होती, आणि पुस्तकाची वाट पाहणाऱ्याला ती निरखायला भरपूर वेळ मिळे. शब्दांत दार सताड उघडे, व्यवहारात पुस्तक कुलपात. मकिम यांच्या वास्तूचे हे व्यंग तिच्या सौंदर्यात झाकून गेले, मिटले नाही.

जमिनीखाली आणखी एक दुखणे होते. भराव टाकलेल्या जमिनीत इमारत पेलण्यासाठी हजारो लाकडी खांब ठोकले होते. लाकूड सतत पाण्यात बुडालेले असले तर शतके टिकते, पण पाण्याची पातळी खाली गेली आणि त्याच्या माथ्याला हवा लागली की बुरशी धरते. गटारे आणि भुयारे यांच्यामुळे परिसरातले भूजल उतरले. १९२९ च्या सुमारास भिंतींना तडे दिसले म्हणून उकरून पाहिले तर बऱ्याच खांबांचे माथे कुजून गेले होते. कुजलेला भाग कापून त्या जागी पोलाद आणि काँक्रीट भरावे लागले. कोप्ली चौकातल्या इतर जुन्या इमारतींनाही ही धास्ती आहे, आणि बॅक बेमध्ये भूजलाची पातळी मोजण्याचे काम अजून चालू असते.

न्यू इंग्लंडमधल्या या ग्रंथालय-परंपरेचा धागा बडोद्यापर्यंत येतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेला गेले. तिथली मोफत ग्रंथालये पाहून त्यांनी कनेटिकटमधल्या न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डेन यांना बोलावून घेतले. बॉर्डेन १९१० ते १९१३ या काळात बडोद्यात होते. मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यांतली वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये अशी साखळी त्यांनी बांधली. महाराजांनी आपल्या संग्रहातली सुमारे २० हजार पुस्तके दिली. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिकही निघाले. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत हे तत्त्व भारतात राज्यकारभाराचा भाग झाले ते प्रथम इथे. मराठी मुलखातली बहुतेक वाचनालये मात्र अनामत आणि मासिक वर्गणीवरच चालत राहिली.

इकडे बॉस्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कोठारे तुडुंब भरली. मकिम इमारतीवर मजला चढवणे अशक्य होते आणि कुणी ते धाडसही केले नसते, म्हणून बॉयल्स्टन स्ट्रीटच्या बाजूला तिला लागून जोडइमारत बांधायचे ठरले. १९६४ मध्ये काम फिलिप जॉन्सन यांना मिळाले आणि १९७२ च्या डिसेंबरात इमारत उघडली. जुन्या वास्तूचा मान राखण्यासाठी जॉन्सन यांनी तोच मिलफर्डचा ग्रॅनाइट आणला आणि उंचीही तीच राखली. आत नऊ चौरसांचा आराखडा, मधला चौरस वरपर्यंत मोकळा. वरच्या मजल्यांचा भार माथ्यावरच्या अवाढव्य पोलादी कैच्यांना टांगला होता, त्यामुळे खाली खांबांची गर्दी झाली नाही. अभियांत्रिकीचा हा धीटपणा बाहेरून कळत नाही.

नव्या इमारतीने कामाची वाटणी केली. संशोधनाचे ग्रंथ आणि दुर्मिळ संग्रह जुन्या वास्तूत राहिले. रोजच्या देवघेवीची पुस्तके नव्या वास्तूत उघड्या मांडण्यांवर आली. वाचक कपाटापाशी जाऊन, चाळून, हवे ते उचलू लागला. टिकनोर यांचे म्हणणे एकशेवीस वर्षांनी पूर्णपणे अमलात आले. पण बाहेरचा चेहरा नेमका उलटा झाला. पदपथाच्या कडेने माणसाच्या उंचीपेक्षाही उंच ग्रॅनाइटच्या शिळा ओळीने उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यामागे काळसर काचा. शेजारून जाणाऱ्याला आत काय आहे हे दिसत नसे. आत शिरल्यावर आणखी दगडी भिंती आणि फिरते अडसर. मकिम यांनी दार उघडून पुस्तके कोंडली, जॉन्सन यांनी पुस्तके मोकळी करून दार झाकले. गढीसारखी इमारत असे तिच्याबद्दल लोक बोलत, आणि ते चूक नव्हते. दोष सगळा वास्तुशिल्पकाराच्या माथी मारणेही न्याय्य नाही. १९६० च्या दशकातली अमेरिकी शहरे ओसरत होती, रस्त्याकडे पाठ फिरवणे हे त्या काळच्या अनेक सार्वजनिक इमारतींत दिसते.

या सगळ्यात जुनी इमारत मागे पडली. लोकांची वर्दळ बॉयल्स्टन स्ट्रीटच्या दाराकडे वळली आणि मकिम इमारतीतली दालने काजळत गेली. १९८६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. नव्वदच्या दशकात शेप्ली बुलफिंच या बॉस्टनच्याच पेढीच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार सुरू झाला. भित्तिचित्रांवरची काजळी काढली, दगड धुतला, बेट्स दालन पूर्ववत झाले, विजेच्या तारा आणि वातानुकूलनाचे नळ दिसणार नाहीत असे बसवले. जॉन सिंगर सार्जंट यांनी १८९० पासून जवळजवळ तीन दशके रंगवलेली आणि तरीही अपुरी राहिलेली चित्रमाला नव्या शतकाच्या आरंभी स्वच्छ झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये रस्त्याखालची पाण्याची मुख्य वाहिनी फुटून तळघरात पूर आला आणि तिथले कागदपत्र व सूक्ष्मपटांचे मोठे नुकसान झाले. ग्रंथालयाचा खजिना तळघरात ठेवण्याची किंमत एका रात्रीत कळली.

जॉन्सन इमारतीची पाळी त्यानंतर आली आणि तिथे पेच वेगळा होता. शंभर वर्षांच्या इमारतीचे जतन कसे करायचे याचे संकेत ठरलेले असतात. चाळीस वर्षांच्या, फारशी न आवडलेल्या, पण नामवंत वास्तुशिल्पकाराच्या इमारतीचे काय करायचे? शहराच्या वारसा आयोगाच्या संमतीशिवाय बाहेरच्या अंगाला हात लावता येत नव्हता. विल्यम रॉन असोसिएट्स या पेढीने मांडलेला मुद्दा सोपा होता : जॉन्सन यांच्या मूळ रचनेला, म्हणजे नऊ चौरस, मधला मोकळा भाग, ग्रॅनाइटचे वरचे अंग यांना धक्का लावायचा नाही, आणि पदपथाच्या पातळीवरचे अडथळे तेवढे काढायचे. शिळा काढायला काही जणांचा विरोध झाला, कारण त्या जॉन्सन यांच्या कल्पनेचा भाग होत्या. शेवटी परवानगी मिळाली. महापौर टॉमस मेनिनो यांच्या कारकिर्दीत सुरू झालेले काम मार्टी वॉल्श यांच्या काळात पुरे झाले. दुसरा मजला फेब्रुवारी २०१५ मध्ये आणि संपूर्ण इमारत जुलै २०१६ मध्ये उघडली. खर्च ७ कोटी ८० लाख डॉलर.

बदल पाहायचा तर बॉयल्स्टन स्ट्रीटच्या पदपथावरून पाहावा. शिळा गेल्या, काळसर काचेच्या जागी जमिनीपासून वरपर्यंत पारदर्शक काच आली. चालताना आतल्या मांडण्या आणि माणसे दिसतात, आत बसलेल्याला रस्ता दिसतो. दाराशी नव्याने आलेल्या पुस्तकांची मांडणी. कोपऱ्यात कॅफे आणि त्याला लागून स्थानिक सार्वजनिक प्रसारण संस्थेचा स्टुडिओ. नभोवाणीचे कार्यक्रम इथून लोकांसमोर प्रसारित होतात. शहरातले उद्योग-व्यापार ग्रंथालय इथेच खालच्या मजल्यावर हलवले. दुसऱ्या मजल्यावर मुलांचा मोठा विभाग, त्याच्या पलीकडे किशोरवयीनांची वेगळी जागा, जिथे खेळाचे पडदे आहेत आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री आहे. करड्या ग्रॅनाइटच्या आत भडक रंग वापरले. ते प्रत्येकाला रुचतीलच असे नाही. दोन्ही इमारतींमधला अरुंद आणि चुकवणारा रस्ता रुंद केला, म्हणून कॅफेतून उठलेला माणूस आता सहज मकिम यांच्या चौकात पोहोचतो. रॉन यांच्या कामातली ही सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी दुरुस्ती म्हणावी लागेल.

नूतनीकरणाच्या काळातच ग्रंथालयावर एक नामुष्की ओढवली. अल्ब्रेख्त ड्यूररचे एक आणि रेम्ब्रांटचे एक अशी दोन मुद्राचित्रे सापडेनात. चोरीचा संशय, पोलिस, वर्तमानपत्रे असे सगळे झाले. अध्यक्ष एमी रायन यांनी २०१५ च्या जूनमध्ये राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही चित्रे इमारतीतच, चुकीच्या जागी ठेवलेली सापडली. कोट्यवधींचे काम पुढच्या दारात चालू असताना मागच्या कोठारातली यादी धड नाही, हे त्यातून उघडे पडले. संग्रहाची नीट मोजदाद आणि साठवणीची सुधारणा हा त्यानंतरचा कार्यक्रम झाला, आणि जुन्या इमारतीतील दुर्मिळ ग्रंथविभागही नव्याने बांधला गेला.

दार पारदर्शक केल्यावर कोण कोण आत येणार याची कल्पना व्यवस्थापनाला होती. हिवाळ्यात बॉस्टनमध्ये पारा शून्याखाली जातो, आणि बेघरांना दिवसभर बसायला उबदार, फुकट आणि हाकलून न देणारी जागा म्हणजे ग्रंथालय. अनेक शहरांत या प्रश्नावर बाके काढणे, प्रसाधनगृहांना कुलूप लावणे असे उपाय होतात. बॉस्टनने २०१७ मध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या पाइन स्ट्रीट इन या संस्थेच्या साथीने मुख्य ग्रंथालयात पूर्णवेळ समाजकार्यकर्ता नेमला. निवारा, औषधोपचार, ओळखपत्रे यांचे मार्गदर्शन ग्रंथालयातच मिळू लागले. पुस्तकांशी याचा संबंध काय, असे विचारणारे होतेच. १८५२ च्या देणगीची अट ज्यांना ठाऊक होती त्यांना हा प्रश्न पडला नाही.

पैशाचा शेवटचा अडसर उशिराच्या दंडाचा होता. नोंदणी फुकट असली तरी मुदतीत पुस्तक परत न आल्यास दंड साठत जाई आणि ठरावीक रकमेपुढे कार्ड अडवले जाई. अशी अडलेली कार्डे मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या मुलांची असतात, असा अनेक अमेरिकी ग्रंथालयांचा अनुभव आहे. बॉस्टनने २०१९ मध्ये अठरा वर्षांखालील वाचकांचा दंड रद्द केला आणि १ जुलै २०२१ पासून सर्वांचाच. पुस्तक हरवले तर मात्र त्याची किंमत भरावी लागते.